क्रिकेटपटू बाळू पालवणकर

[क्रिकेटच्या मैदानावर नाव मिळवणारे खेळाडू पुष्कळ झाले. परंतु ज्याला आपल्याच संघातील खेळाडूंबरोबर बसून चहा पिता येत नव्हता, अशा एका खेळाडूने केवळ आपल्या कौशल्याच्या बळावर मानाचे स्थान मिळवले. भारताच्या या पहिल्या थोर गोलंदाजाचे चरित्र प्रस्तुत पाठात सांगितले आहे.]

सुट्टीचा दिवस उजाडला की, आपल्या अंबडमध्ये मोकळ्या जागेवर मुलांचे क्रिकेट सुरू होते. बॅट एकाची, चेंडू दुसऱ्याचा आणि स्टंप म्हणून उभ्या केलेल्या तीन काठ्या! चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरतो. तहान लागली की, एकाच बाटलीतले पाणी सगळे पितात. यात विशेष ते काय, असे तुम्हांला वाटेल.

पण मुलांनो, सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात एक खेळाडू असा होता की, त्याने टाकलेला चेंडू त्याचे सोबती आनंदाने झेलत. मात्र त्याने हात लावलेल्या भांड्यातले पाणी ते पीत नसत. त्या खेळाडूचे नाव होते बाळू पालवणकर.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातले. पालवण या गावावरून त्यांना पालवणकर हे नाव मिळाले. बाळूचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाड येथे झाला. हे कुटुंब चांभार समाजाचे होते. चामड्याच्या वस्तू तयार करणे हा त्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. हे काम हलके समजले जाई आणि ते करणाऱ्यांना अस्पृश्य मानले जाई. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा माणूस. त्यांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नसे, देवळात जाता येत नसे. आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९३० साली मोठा सत्याग्रह झाला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. बाळूचा जन्म त्याच्याही अर्धशतकापूर्वीचा. त्या वेळची परिस्थिती किती कठीण असेल, याची कल्पना यावरून येते.

बाळूचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्यामुळे हे कुटुंब पुण्यात राहू लागले. पुण्यात इंग्रज फौजेची मोठी छावणी होती. तेथील अधिकारी संध्याकाळी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅट आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. त्यांना शिकवायला कोणी नव्हते. दुसऱ्याचा खेळ पाहायचा आणि तसे करून बघायचे, हीच त्यांची शाळा.

घरची गरिबी असल्यामुळे बाळूला लहान वयातच कामाला लागावे लागले. पुण्यात पारशी लोकांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे अशी कामे त्याला मिळाली. महिन्याचा पगार तीन रुपये. सभासदांना सराव करायचा असला म्हणजे तो मधूनमधून गोलंदाजीही करी. पुढे १८९२ साली तो इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये गेला. तेथे त्याला महिन्याला चार रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करायची, जाळी उभारायची, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेषा आखायच्या ही त्याची कामे. पण त्याच्या हातात चेंडू आला की, साहेब लोकांच्या लक्षात आले, हा साधा नोकर नाही.

बाळू डाव्या हाताने संथ गोलंदाजी करत असे. संथ म्हणजे सोपी नव्हे. त्याचा चेंडू हवेत तरंगत येई, जमिनीवर टप्पा पडताच एकदम वळे आणि फलंदाज फसे. टप्पा कोठे पडावा, हे जणू त्याच्या बोटांना माहीत होते. एक चेंडू थोडा वर, दुसरा थोडा खाली, तिसरा किंचित वेगात, असे तो बदल करी. फलंदाजाला मात्र सगळे चेंडू सारखेच वाटत.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठीतील गोलंदाज हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. अंदाज हा फारसी शब्द उर्दूतही आहे. जुन्या काळी तोफेतून गोळा फेकणाऱ्या सैनिकाला गोलंदाज म्हणत. पुढे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला तोच शब्द लागू झाला. बाळू हा खरा गोलंदाज होता. फक्त त्याचा गोळा संथपणे येऊन किल्ला पाडत असे.

पूना क्लबमध्ये ग्रेग नावाचे एक नामांकित इंग्रज फलंदाज होते. त्यांना बाळूची गोलंदाजी इतकी आवडली की, ते इतरांच्या आधी येऊन त्याच्यासमोर सराव करत. आपल्याला बाद केले की, ते बाळूला प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. आता हिशेब करा. महिन्याचा पगार चार रुपये. म्हणजे ग्रेगसाहेबांना आठ वेळा बाद केले की, एका महिन्याच्या पगाराइतकी कमाई! या सरावाने ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूची गोलंदाजी धारदार झाली.

परंतु एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूना क्लबच्या जाळीत बाळूने शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्याला फलंदाजी करू दिली गेली नाही. त्या काळी फलंदाजी हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा मान समजला जाई. गोलंदाजी म्हणजे कष्टाचे काम. ते नोकरांनी करावे. खुद्द इंग्लंडमध्येही हौशी आणि व्यावसायिक असे खेळाडूंचे दोन वर्ग होते. हौशी खेळाडू श्रीमंत घरांतले, तर व्यावसायिक खेळाडू पोटासाठी खेळणारे. पुष्कळ मैदानांवर त्यांचे कपडे बदलण्याचे दालन वेगळे, मैदानात उतरण्याचे फाटकही वेगळे! खेळावर पोट भरणाऱ्याचा मान तेथेही कमीच होता. बाळूच्या वाट्याला तर गरिबी, गुलामी आणि जातिभेद ही तिन्ही दुःखे एकदम आली.

पुण्यातील हिंदू खेळाडूंचाही एक क्लब होता. इंग्रजांच्या क्लबला हरवावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यासाठी चांगला गोलंदाज हवा होता आणि तो गोलंदाज अगदी जवळच होता. पण तो अस्पृश्य! त्याला संघात कसे घ्यायचे? यावर खूप वाद झाला. काही सभासदांनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला. अखेर बाळू यांना संघात घेण्यात आले.

मैदानावर सगळे ठीक होते. बाळू यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. तो चेंडू तर चामड्याचाच! चामड्याचे काम करणारा माणूस शिवायला नको. पण चामड्याचा चेंडू मात्र चालतो, असा हा अजब न्याय होता. चहाची वेळ झाली की, इतर खेळाडू आत बसून कपबशीतून चहा पीत. बाळू यांना मात्र बाहेर उभे राहून मातीच्या बोळक्यातून चहा प्यावा लागे. जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे, बसण्याची जागाही वेगळी. ज्याच्या जिवावर सामना जिंकायचा, त्यालाच दाराबाहेर उभे करायचे, अशी ही रीत होती.

बाळू यांनी हे सहन केले. पण आपले काम सोडले नाही. त्यांच्या गोलंदाजीमुळे पुण्याचा संघ एकामागून एक सामने जिंकू लागला. साताऱ्याच्या इंग्रजांच्या संघालाही त्यांनी हरवले. पुण्यात त्यांचे कौतुक होऊ लागले. ज्यांच्याबरोबर खेळता, त्यांच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा विचार न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे सुधारक मांडू लागले.

१८९६ साली मुंबई-पुण्याकडे प्लेगची भयंकर साथ आली. त्या सुमारास बाळू मुंबईला आले. तेथे त्यांनी प्रथम लष्करात आणि नंतर रेल्वेत नोकरी केली. मुंबईत मरीन लाइन्सला समुद्राच्या काठी पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने आहेत. त्यांची मैदाने आजही तेथे पाहायला मिळतात. त्यांपैकी हिंदू जिमखान्याच्या संघात बाळू यांना घेण्यात आले. येथेही आरंभी काहींनी नाके मुरडली. पण कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांची समजूत घातली. मुंबईने पुण्याच्या पुढे एक पाऊल टाकले. येथे बाळू आपल्या सोबत्यांबरोबर एकाच ठिकाणी बसून जेवू लागले. मातीचे बोळके मागे पडले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांत एक मोठा सामना झाला. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियन संघाच्या १९१ झाल्या. दुसऱ्या डावात हिंदू संघ १६० धावांत आटोपला. आता युरोपियन संघाला जिंकण्यासाठी २१२ धावा हव्या होत्या. ते सहज जिंकतील, असे पुष्कळांना वाटले. पण बाळू यांच्या फिरत्या चेंडूंपुढे साहेबांचे फलंदाज टिकले नाहीत. त्यांचा सारा संघ १०२ धावांत बाद झाला. हिंदू संघाने १०९ धावांनी सामना जिंकला. या विजयी संघात बाळू यांचे भाऊ शिवराम हेही होते. राज्य इंग्रजांचे, खेळ इंग्रजांचा आणि जिंकणारे मात्र हिंदी लोक! त्या दिवशी मुंबईत मोठा जल्लोष झाला. हा विजय केवळ इंग्रजांवरचा नव्हता, तो जातिभेदावरचाही होता, असे विचारी लोकांना वाटले.

१९०७ सालापासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुस्लिम संघ तीत दाखल झाला आणि ती चौरंगी झाली. धर्मानुसार संघ करण्याची ही पद्धत पुढे अनेकांना खटकू लागली आणि १९४६ साली ती स्पर्धा कायमची बंद झाली. पण त्या काळी मुंबईत तिच्याइतका लोकप्रिय दुसरा खेळ नव्हता.

१९११ साली बाळू यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग आला. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा एक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. या संघात हिंदू, मुस्लिम, पारशी, शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू होते. अलीगढच्या प्रसिद्ध कॉलेजातील खेळाडू होते, तसेच पालवणकर घराण्यातील बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊही होते. पतियाळाचे महाराज आणि पुण्याच्या क्लबात खेळपट्टी झाडणारा मुलगा एका संघात आले, हे मात्र खरे.

दौऱ्यात संघाला फारसे यश मिळाले नाही. कर्णधार महाराज मोजकेच सामने खेळले. हवा थंड, मैदाने अनोळखी. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळू हरले नाहीत. पस्तिशी ओलांडलेल्या या गोलंदाजाने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ गडी बाद केले. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांना हिंदुस्थानने हरवले. इंग्लंडच्या क्रिकेटच्या जाणकारांनी बाळू यांची मुक्तकंठाने स्तुती केली.

मुंबईला परतल्यावर दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. त्या वेळी विद्यार्थिदशेत असलेले भीमराव आंबेडकर यांचा या सत्कारात पुढाकार होता, असे सांगतात. आपल्यातला एक माणूस साहेबांच्या देशात जाऊन नाव काढून आला, याचा त्या समाजाला केवढा अभिमान वाटला असेल!

एवढे झाले, तरी एक दार अजून बंदच होते. ते म्हणजे कर्णधारपदाचे दार. हिंदू संघात बाळू सर्वांत अनुभवी होते. परंतु वर्षामागून वर्षे गेली, तरी त्यांना कर्णधार केले गेले नाही. दलिताच्या हुकमाखाली उच्चवर्णीयांनी खेळावे, हे निवड करणाऱ्यांना मान्य नव्हते. १९१३ साली म. दा. पै यांना कर्णधार नेमले, तेव्हा हा मान खरा बाळू यांचा होता, असे पै यांनी स्वतःच एका समारंभात मोठ्या मनाने सांगितले.

बाळू यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हे उत्तम फलंदाज होते. १९२०च्या चौरंगी स्पर्धेत बाळू यांना वगळण्यात आले. पै आजारी होते. तरीही विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. आम्हांला केवळ जातीमुळे मागे ठेवले जाते, हे त्यांनी उघडपणे जाहीर केले. मुंबईत मोठी खळबळ उडाली. लोक त्यांच्या बाजूने बोलू लागले. शेवटी पारशी संघाविरुद्धच्या सामन्यासाठी दोघा भावांना परत बोलावण्यात आले आणि बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाचे नेतृत्व बाळू यांनी केले. वीस वर्षांच्या सेवेनंतर लाभलेला तो काही वेळाचा मान! पण त्याने वाट मोकळी झाली. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते धाकट्याने मिळवले.

क्रिकेटमधून निवृत्त झाल्यावर बाळू यांनी समाजकार्यात भाग घेतला. १९३२ साली झालेल्या प्रसिद्ध पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ सालच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकर यांना १३,२४५ आणि बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. दोघांचे मार्ग वेगळे होते. पण आपल्या समाजाला मान मिळावा, ही तळमळ दोघांचीही होती. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले.

अशीच एक कथा दूर अमेरिकेतही घडली. तेथे बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. पण अनेक वर्षे मोठ्या स्पर्धांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन नावाचा खेळाडू ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती भिंत कोसळली. बाळू यांनी आपल्या देशात तशीच एक भिंत त्याच्या पन्नास वर्षे आधी हलवायला सुरुवात केली होती.

बाळू यांच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत. पण त्यांचा सर्वांत मोठा बळी या आकड्यांत सापडत नाही. तो म्हणजे माणसाला माणसापासून दूर ठेवणारी खोटी प्रतिष्ठा. ती एका चेंडूत बाद झाली नाही. त्यासाठी त्यांना आयुष्यभर गोलंदाजी करावी लागली.

मुलांनो, पुढच्या वेळी खेळताना तुमच्यातला एखादा मुलगा कडेला एकटाच उभा दिसला, तर त्याला हाक मारा. चेंडू त्याच्या हातात द्या. आणि खेळून झाल्यावर पाण्याची बाटलीही द्या.

शब्दार्थ

खेळपट्टी – मैदानातील सपाट केलेली पट्टी
बोळके – मातीचे लहान भांडे
नाके मुरडणे – नापसंती दाखवणे
डावलणे – बाजूला सारणे
मुक्तकंठाने – मोकळ्या मनाने
खळबळ – गडबड, अस्वस्थता

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पालवणकर हे नाव कशावरून पडले?
(आ) पूना क्लबमध्ये बाळूला महिन्याला किती पगार मिळे?
(इ) १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार कोण झाले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुण्याच्या क्लबमध्ये बाळू यांना कशी वागणूक मिळत होती?
(आ) विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर का पडले?

प्र. ३. गोलंदाज, मैदान, हुकूम, पगार यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधून लिहा.